जिन्यावरून पडलेली माणसं



या व्याख्यानमालेसाठी माझं नाव ठरलं तेव्हा कार्यवाहांनी फोन करून विचारलं, "डॉक्टर, विषय काय छापू? मधुमेह की सांधेदुखी?" समोर बसणाऱ्यांचं वय पाहता दोन्ही विषय चालले असते. मी म्हटलं, "शहरातली हिंसा छापा." फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "साहित्याचं मंडळ आहे हो आपलं." मी म्हटलं, साहित्यात काय कमी मारामाऱ्या आहेत? ते हसले आणि विषय छापला. तेव्हा तक्रार असली तर दोघांकडे करा.

मी साधा बीएचएमएस डॉक्टर. गेली चाळीस वर्षं शहापुरात दवाखाना चालवतो. गुन्हेगारीचा अभ्यासक नाही, वकील नाही, पत्रकार नाही. पण मारामारीनंतर माणूस पोलीस ठाण्यात जाण्याआधी, आणि बहुतेक वेळा त्याऐवजी, गल्लीतल्या डॉक्टरकडे येतो. त्या खुर्चीत बसून जे दिसलं आणि जे दिसत असून मी पाहिलं नाही, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या नेहमीच्या बोलण्यापासून करू. सकाळी व्हॅक्सिन डेपोवर फिरायला जाणारे तुमच्यातले बरेच जण मला भेटतात. चौथ्या-पाचव्या फेरीला विषय ठरलेला. "डॉक्टर, आपलं बेळगाव पूर्वीचं राहिलं नाही. रोज चाकू, रोज कोयता. कुठून कुठून माणसं आली आहेत." यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. शहर बिघडलं, आणि ते बाहेरून आलेल्यांनी बिघडवलं. आपली घराणी चार-चार पिढ्या इथली, कुणाची पेशव्यांच्या वेळची, कुणाचे पूर्वज शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासूनचे. तेव्हा आपण त्यात नाही.

हे वाक्य मीही पुष्कळ वर्षं म्हटलं आहे. म्हणून ते तपासायला आकडे काढून बसलो.

देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग काढतो. १९९२ साली देशात खुनाचे गुन्हे चाळीस हजारांवर होते, म्हणजे लाख लोकांमागे साडेचारांहून थोडे अधिक. २०२२ साली ते २८,५२२ होते, लाखामागे दोनच्या आसपास. लोकसंख्या एवढी वाढली, तरी खून संख्येनंही कमी झाले आणि प्रमाणानं तर निम्म्याखाली आले. ऐकून तुम्हाला पटत नाही, हे चेहऱ्यांवर दिसतंय. मलाही पटलं नव्हतं. पण आठवून पाहा, १९९२ साली खडेबाजारात चाकू चालला तर तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या दैनिकात चार ओळी वाचायला मिळायच्या. आज तोच प्रसंग कॅमेऱ्यात सापडतो आणि तासाभरात नातवाच्या मोबाइलवर दिसतो, तोही सहा वेगवेगळ्या गटांतून सहा वेळा. एक चाकू सहा होतात.

आपल्या शहराचं काय, असं विचाराल. गुन्हे विभागाच्या अहवालात महानगरांचं स्वतंत्र प्रकरण असतं, पण ते वीस लाखांवरच्या शहरांचं. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्याही आत होती. आपल्याला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं ते २०१४ मध्ये, म्हणजे शहराचं नाव बदललं त्याच वर्षी. वाढत्या लहान शहराच्या आकड्यांची गंमत अशी की ते उड्या मारतात. समजा, एका वर्षी आठ खून झाले आणि पुढच्या वर्षी बारा, तर बातमीचा मथळा 'पन्नास टक्के वाढ' असा येतो. त्यापुढच्या वर्षी पुन्हा आठ झाले की पोलिसांचं कौतुक होतं. खरं म्हणजे दोन्ही वेळेला फारसं काही बदललेलं नसतं. एखाद्या रुग्णाचा एका दिवसाचा रक्तदाब पाहून मी औषध बदलत नाही, तसंच हे. भाग देताना खाली घ्यायची लोकसंख्याही अंदाजाची असते. म्हणून या एका शहराचे वर्षावर्षाचे आकडे वाचून तुम्हाला घाबरवणार नाही आणि धीरही देणार नाही.

खुनाचा आकडा त्यातल्या त्यात खरा, कारण प्रेत लपवणं अवघड असतं. बाकी सगळ्या मारहाणी कुणीतरी जाऊन सांगितल्या तरच कागदावर येतात. त्यातही साधी दुखापत, म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं ३२३ कलम, अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. ओठ फुटला, डोळा सुजला, पाठीवर वळ उठले, हे सगळं त्यात. आता जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, कलमांचे क्रमांक बदलले, पण हा भेद तसाच आहे. थोडक्यात, अहवालात जे मोजलं जातं ते शेवटचं पान असतं. आधीची पानं माझ्यासारख्यांच्या दवाखान्यात पडलेली असतात.

त्याच अहवालात खुनांची कारणं दिलेली असतात आणि ती मला फार बोलकी वाटतात. २०२२ च्या २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ वादातून झाले, ३,७६१ वैयक्तिक वैरातून. लाभासाठी, म्हणजे ज्याची आपल्याला रात्री भीती वाटते आणि ज्यासाठी आपण दाराला तीन कड्या लावतो, त्यातून १,८८४. म्हणजे कडी लावून आपण ज्याला बाहेर ठेवतो त्याच्यापेक्षा, कडी लावल्यावर जो आत असतो किंवा ज्याच्याशी आपला बांध लागून असतो, त्याचा धोका कितीतरी जास्त. वाद घालायला आधी ओळख लागते.

आमच्या समाजाला हे एका धक्क्यानं कळलं. जुलै २०२३ मध्ये चिकोडी तालुक्यातल्या हिरेकोडीच्या आश्रमातले आचार्य कामकुमारनंदी महाराज यांची हत्या झाली. ज्यांच्याजवळ पिंछी आणि कमंडलूशिवाय काही नसतं असा मुनी. आपल्याच जिल्ह्यात. पहिल्या दिवशी आमच्यात जो तो कुठल्या तरी परक्या शत्रूचा अंदाज बांधत होता. पोलिसांनी सांगितलेलं कारण मात्र पैशाच्या देवघेवीचं होतं आणि पकडलेल्यांपैकी एकाची आश्रमात ये-जा होती. खटल्याबद्दल मी बोलणार नाही, ते न्यायालयाचं काम. मला फक्त ते पहिल्या दिवसाचे अंदाज आठवतात.

आता शहराच्या वाढीकडे येतो, कारण वाढीचा आणि हिंसेचा संबंध आहे, पण आपण समजतो तिथे नाही. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ इथे आलं १९९८ मध्ये, सुवर्ण विधानसौध झालं २०१२ मध्ये. मच्छे, पिरनवाडी, कंग्राळी, हलगा, कणबर्गी ही तुमच्या-माझ्या लहानपणी गावं होती. आता तिथे प्लॉट पडलेत. ज्या जमिनीत भात आणि रताळी निघत आणि जिच्यावरून दोन भावांत वर्षातून एकदा शिव्या होत, त्या जमिनीच्या गुंठ्याला आता लाखांत बोली लागते. उताऱ्यावर आज्याचंच नाव. वाटणी तोंडी झालेली. बहिणींना २००५ च्या दुरुस्तीनं हिस्सा मिळाला, म्हणजे कायद्यानं मिळाला. घरात तो कुणी काढला की जेवणाची ताटं सरकतात.

दोन भावांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघेही माझे रुग्ण. थोरल्याला झोप नाही, धाकट्याला पित्त. होमिओपॅथीत आम्ही केस घेताना तासभर बसवून विचारतो. राग येतो का, आला की काय करता, बोलून मोकळे होता की गिळता. थोरला म्हणाला, "गिळतो. पण एक दिवस त्याला दाखवणार." मी लिहून घेतलं, 'दाबलेला राग', आणि स्टॅफिसॅग्रिया दिलं. आमच्या ग्रंथांत हे औषध गिळलेल्या अपमानासाठी सांगितलं आहे, आणि धारदार शस्त्राच्या जखमेसाठीही. एकाच औषधाखाली ही दोन लक्षणं शेजारी शेजारी छापलेली मी विद्यार्थी असल्यापासून पाठ म्हणत होतो. दीड वर्षानं पावसाळ्यात धाकट्याला डोक्यात खोऱ्याचा घाव घालून रिक्षातून माझ्या दारात आणलं. मी कापड दाबून धरलं आणि सिव्हिलला पिटाळलं. तो वाचला. एक डोळा गेला. थोरला जामिनावर सुटला आणि पंधरवड्यात झोपेच्या औषधासाठी पुन्हा माझ्याकडे आला. जुनं घराणं, वारकरी. घरात माळ नाही असा माणूस नाही.

'दाखवणार' हा शब्द माझ्यासमोर उच्चारला गेला होता. तो मी औषध निवडण्यासाठी वापरला. दोघांना एकत्र बसवावं, त्यांच्या मामाला बोलवावं, एखाद्या वकिलाचं नाव द्यावं, हे सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण घरातली गोष्ट, आपण कशाला पडा.

इतकं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं, कारण पुढचं सांगायला मला जड जातं. घरी ही म्हणाली होती, की हे भाषणात नको. पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी एक तरुण बाई माझ्याकडे यायची. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, सासर आपल्यातलंच. तिची सासू माझी जुनी रुग्ण, तिनं मला पन्नास तरी रुग्ण पाठवले असतील. सून पहिल्यांदा आली तेव्हा सासू बरोबर होती. दंडावर आणि गालावर मुका मार. सासू म्हणाली, "जिन्यावरून पडली." सून मान हलवून हो म्हणाली. मी केस पेपरवर लिहिलं : 'पडली. अर्निका २००, तीन दिवस.' चार महिन्यांनी पुन्हा तेच. मग आणखी एकदा. दोन वर्षांत चार वेळा ती बाई जिन्यावरून पडली. मी त्या घरी दोनदा व्हिजिटला गेलो होतो. ते बसकं कौलारू घर. त्याला जिना नव्हता.

हे मला तेव्हा माहीत होतं की नाही, असं पुढे मला भर कोर्टात विचारलं गेलं.

पाचव्या वेळी ती माझ्याकडे आलीच नाही. जबडा मोडलेल्या अवस्थेत माहेरच्यांनी तिला सिव्हिलला नेलं, तक्रार झाली, खटला उभा राहिला. आणि नवऱ्याच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. त्यांच्या बाजूनं. माझे केस पेपर त्यांनी एकेक करून वाचायला लावले. "डॉक्टर, हे अक्षर तुमचंच ना?" माझंच. "काय लिहिलंय?" पडली. "दुसऱ्या तारखेला?" पडली. "कुणी मारलं असं रुग्णानं कधी सांगितलं?" नाही. "तुम्ही विचारलंत?" नाही. चारही वेळा नाही. ती समोर बसली होती. तोंडाला तारा बांधलेल्या, त्यामुळे तिला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं.

तिच्या केस पेपरचं पहिलं पान आजही माझ्याकडे आहे. तिला गोड आवडतं की खारट, थंडी सोसते की उकाडा, स्वप्नात काय दिसतं, हे सगळं मी सविस्तर लिहिलं आहे. स्वप्नात पाणी दिसतं. अंधाराची भीती वाटते. एवढं विचारणारा माणूस एक प्रश्न विचारत नाही, तेव्हा तो विसरलेला नसतो. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर मला त्या सासूच्या तोंडावर काही बोलावं लागलं असतं.

आमच्याकडे हिंसेचे तीन मार्ग सांगतात : कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि होऊ दिलेली, मान डोलावलेली. लहानपणी आई पाणी गाळताना हे शब्द घोकून घ्यायची. मी आजही पाणी गाळूनच पितो, सूर्यास्तानंतर शक्यतो जेवत नाही, मुंगी दिसली तर पाय उचलतो. पण त्या चार कागदांना काय म्हणायचं हे त्या साक्षीच्या दिवसापर्यंत मला कळलं नव्हतं. तिसरा शब्द सगळ्यांत सोपा वाटतो, म्हणून पाठ करताना आम्ही तो घाईनं म्हणायचो.

हे एकट्या त्या घराचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण २०.६ टक्के होतं. ही वाढ मारहाणीची किती आणि तोंड उघडण्याची किती, हे आकड्यावरून ठरत नाही, म्हणून मी तिच्यावर जोर देत नाही. दुसरा एक आकडा मला जास्त छळतो. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी, आणि तीही बहुतेक माहेरच्यांकडे. सात जणींपैकी सहा जणी कुठल्या ना कुठल्या जिन्यावरूनच पडतात.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या तालुक्यात वंटमुरीला काय झालं ते तुम्ही वाचलंत. मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईची विटंबना केली गेली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि न्यायमूर्तींचा संताप करणाऱ्यांइतकाच उभं राहून पाहणाऱ्यांवर होता. गावाकडून सामूहिक दंड वसूल करण्याचा विचारही त्यांनी बोलून दाखवला. त्या दिवशी व्हॅक्सिन डेपोवर सगळे म्हणत होते, माणसं कशी उभी राहून बघतात हो? मी गप्प होतो. मी बसून बघितलं होतं, पंख्याखाली.

आता काय करता येतं ते थोडं सांगतो. वेल्समध्ये कार्डिफ नावाचं शहर आहे, आपल्यापेक्षा लहानच. तिथल्या जोनाथन शेपर्ड या जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आलं, की आपण ज्यांचे मोडलेले जबडे जोडतो त्यांपैकी पुष्कळ जणांची नोंद पोलिसांकडे नसतेच. त्यांनी रुग्णालयात तीन गोष्टी विचारायला सुरुवात केली : कुठे मारलं, केव्हा मारलं, कशानं मारलं. नाव वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दारूगुत्त्यात, कुठल्या वारी मारामाऱ्या होतात हे कळलं, तसा बंदोबस्त हलवला गेला. २०११ साली त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. हिंसेमुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे सातावरून पाचावर आलं, आणि त्याच काळात तुलनेसाठी घेतलेल्या शहरांत ते पाचावरून आठावर गेलं. त्यांनी नवीन तुरुंग बांधला नाही. स्वागतकक्षात बसलेल्या बाईनं तीन प्रश्न जास्त विचारले.

त्यांच्याएवढी व्यवस्था आपल्याकडे नाही, पण वही आहे. साक्षीनंतर मी एक वेगळी वही केली. त्यात नाव नसतं. तारीख, वेळ, जागा, कशानं. 'कशानं' या रकान्यात मी लिहिलेले शब्द पाहाल तर हसाल : बेल्ट, क्रिकेटची बॅट, हेल्मेट, कुकरचं झाकण. कोयता फारच क्वचित. जागेच्या रकान्यात 'घर' इतक्यांदा येतं की मी आता नुसता 'घ' लिहितो. एका दवाखान्याची वही, तिच्यावरून सिद्धान्त काढू नये. पण या शहरात माझ्यासारखे शेकडो डॉक्टर आहेत, ॲलोपॅथीचे, आयुर्वेदाचे, आमचे. प्रत्येकानं ठेवली तर निदान वह्या तरी होतील.

केस पेपरवरही आता मी दोन ओळी लिहितो. 'सांगितलं : जिन्यावरून पडली.' आणि तिच्याखाली, 'दिसलं : डाव्या दंडावर चार बोटांचे वळ, काही निळे, काही पिवळे पडलेले.' निळा वळ बहुधा ताजा असतो, पिवळा बहुधा जुना; रंगावरून नेमका दिवस ठरत नाही. पण दोन रंगांचे वळ दिसले, की ते एकाच वेळचे आहेत का, अशी शंका घ्यावी. बरोबर आलेल्यांना मी बाहेर बसवतो. सासवा रागावतात, नवरे जास्त रागावतात. मग एकच वाक्य विचारतो : "घरात कुणाचा हात उठतो का?" बहुतेक जणी नाही म्हणतात. मी १८१ आणि ११२ हे दोन नंबर औषधाच्या पुडीच्या आतल्या बाजूला लिहून देतो, कारण बाहेर लिहिले तर घरी दिसतात. गेल्या काही वर्षांत माझे जुने रुग्ण थोडे कमी झाले. काही घराण्यांनी डॉक्टर बदलला. तुमच्यातही एक-दोघं असावीत; त्यांनी आज यावं याचं मला बरं वाटलं.

त्या खटल्याचा निकाल मी सांगणार नाही. तो माझ्या कागदांमुळेच तसा लागला असं कुणी म्हटलेलं नाही. पण कागद त्या फायलीत आहेत.

ती बाई आता माहेरी असते, शिवणकाम करते. गेल्या दिवाळीनंतर ती दवाखान्यात आली. इतर रुग्णांबरोबर नंबर लावून बसली. भाचीला खोकला होता. मी पोरीला तपासलं, रात्री वाढतो का, कोरडा की कफाचा, सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. तिनं सगळी उत्तरं नीट दिली. जबडा अजून थोडा वाकडा आहे, 'स' म्हणताना कळतं. बाकी आम्ही काहीच बोललो नाही. फी मी नको म्हटलं. तिनं ती मोजून टेबलावर ठेवली आणि पोरीला घेऊन गेली.

मला जे सांगायचं होतं ते एवढंच. अध्यक्षांची परवानगी असेल तर कुणाला काही विचारायचं असल्यास विचारा. इथे सगळ्यांसमोर नको वाटलं तर दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो. बरोबर आलेल्यांना मी बाहेर बसवतो.